बिल्ला बदलला, पट्टी आमचीच !

गेल्या दीड-दोन वर्षांत मोठमोठ्या वर्तमानपत्रांतून एका नव्या दुःखाची हकीकत वरचेवर छापून येत आहे. हे दुःख पाऊस न पडल्याचे नाही, कांद्याला भाव न मिळाल्याचे नाही, किंवा सुताराच्या मुलाला काम नाही ह्याचेही नाही. दुःख असे आहे की, अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात जेथे धनिकांची वस्ती दाट आहे, तेथील सुशिक्षित व सुखवस्तू लोकांनी टेस्ला नावाच्या कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी मोठ्या हौसेने घेतल्या. आणि आता त्या कंपनीचा मालक त्यांना आवडेनासा झाला आहे! मोटार दारात उभी आहे, चालते उत्तम, पण तिच्यात बसून बाजारात जाण्याची लाज वाटते. कित्येकांनी गाडीच्या मागे चिठ्ठी चिकटवली की, हा गृहस्थ वेडा आहे हे कळण्यापूर्वी आम्ही ही गाडी घेतली होती. कित्येकांनी गाडीवरचा कंपनीचा बिल्लाच काढून टाकला.

वाचकहो, हसू नका. ज्याच्या दारात बैलही उरला नाही त्याला हे दुःख पोरखेळाचे वाटेल. पण ह्या पोरखेळाचा खर्च कोणाच्या नावे पडतो, ते पाहू लागल्यावर हसू आपोआप थांबते. म्हणून ही हकीकत आम्ही मुळापासून सांगतो.

टेस्ला कंपनी २००३ साली निघाली. इलॉन मस्क हा गृहस्थ पुढच्या वर्षी तीत भांडवल घालून शिरला व हळूहळू सर्वेसर्वा झाला. कंपनीची पहिली गाडी २००८ साली निघाली, ती एक लाख डॉलरांवर किमतीची, म्हणजे निव्वळ शौकिनांसाठी. २०१२ साली मोठी गाडी आली, २०१७ साली त्या मानाने स्वस्त आली, आणि २०२३ साली तर ह्या कंपनीची ‘मॉडेल वाय’ ही गाडी पेट्रोल-डिझेलच्या साऱ्या मोटारींना मागे टाकून जगात सर्वांत अधिक खपली. त्या काळी ती गाडी दारात असणे म्हणजे घरात विद्या आहे, पैसा आहे आणि शिवाय पृथ्वीची काळजीही आहे, ह्या तिन्ही गोष्टींची एकदम जाहिरात होती.

पुढे २०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत मस्क याने ट्रंपसाहेबांच्या बाजूने पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. जानेवारी २०२५ पासून मे अखेरपर्यंत सरकारी नोकरवर्गाची छाटणी करण्याचे कामही त्याच्याकडे होते. हजारो नोकर घरी बसले. तेव्हा ज्या वस्त्यांतून ह्या मोटारी सर्वांत अधिक खपल्या होत्या तेथेच पहिला भडका उडाला. कंपनीच्या दुकानांपुढे निदर्शने झाली. अॅरिझोना प्रांताचे सेनेटर मार्क केली, जे पूर्वी अंतराळात जाऊन आले आहेत, त्यांनी मार्च २०२५ मध्ये आपली टेस्ला जाहीरपणे टाकून दिली आणि तिच्या जागी काय आणले ? पेट्रोल पिणारी एक धिप्पाड शेव्हरोले ! त्याच महिन्यात ११ तारखेला ट्रंपसाहेबांनी आपल्या सरकारी वाड्याच्या हिरवळीवर टेस्लाच्या गाड्या उभ्या करवून, त्यांतली एक तांबडी आपण विकत घेत असल्याचे सांगितले. जी गाडी काल एका पंथाचे गंध होती, ती आज दुसऱ्या पंथाचे गंध झाली. गाडी तीच, तिची चाके तीच, विजेची पेटी तीच.

परिणाम आकड्यांत दिसतो. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या धूर न सोडणाऱ्या शंभर गाड्यांपैकी २०२३ साली साठ टेस्लाच्या होत्या. २०२४ साली त्या साडेबावन्नवर आल्या, आणि हे तर मस्क सरकारात शिरण्यापूर्वीचे. जर्मनीत २०२५ साली तिचा खप आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आला. जगभर मिळून २०२३ साली अठरा लाख आठ हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. २०२४ साली सतरा लाख एकोणनव्वद हजार, आणि २०२५ साली सोळा लाख छत्तीस हजार. त्या वर्षी चीनच्या बीवायडी कंपनीने बावीस लाखांवर विजेच्या मोटारी विकून पहिली जागा घेतली. धनिक मंडळी कोणी रिव्हियनकडे गेली, कोणी बीएमडब्ल्यूकडे, कोणी कोरियाच्या ह्युंदाईकडे. सगळाच दोष मस्कच्या जिभेचा नव्हे. जुन्या गाडीची नवलाई सरली आणि दुसऱ्या कंपन्यांच्या चांगल्या गाड्या आल्या, हेही तितकेच खरे.

बिल्ला बदलण्याची ही पहिलीच वेळ आहे असेही नाही. टेस्लापूर्वी ह्याच लोकांच्या दारात जपानी टोयोटाची प्रियस असे. ही अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर चालणारी गाडी अमेरिकेत २००० साली आली. तिचा आकार इतर कोणत्याही गाडीहून निराळा, लांबून ओळखू येणारा. होंडा कंपनीनेही तशाच जातीची सिव्हिक नावाची गाडी काढली होती. पण ती दिसायला साध्या पेट्रोलच्या सिव्हिकसारखीच, म्हणून शेजाऱ्याला काही कळेना. २०१४ साली दोन अर्थशास्त्र्यांनी वॉशिंग्टन व कोलोरॅडो प्रांतांतील खपाचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखवले की, पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्या वस्त्यांतून लोक प्रियसच्या ह्या निराळ्या दिसण्यापायी शेकडो, काही ठिकाणी हजारो डॉलर अधिक मोजण्यास तयार होते. पुण्य करावे ते चार लोकांत, आणि गंध लावावे ते कपाळभर !

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही बहिष्काराची थट्टा करता काय ? मुळीच नाही. धनवानाने आपल्या पैशाच्या जोरावर सरकार हातात घ्यावे आणि लोकांनी त्याचा माल घेण्याचे नाकारावे, हा मार्ग आम्हांस मान्य आहे व प्रियही आहे. कॅलिफोर्नियातील जी माणसे भर थंडीत फलक घेऊन उभी राहिली त्यांची आम्ही निंदा करणार नाही. माल पसंत न करणे हेही एक मत आहे. परंतु हे मत कोणाजवळ असते ते पाहा. ज्याच्यापुढे दहा कंपन्या हात जोडून उभ्या आहेत त्याच्याजवळ. आमच्या पोरांना तालुक्याच्या शाळेत नेणारी सकाळची गाडी एकच. ती आवडली नाही म्हणून कोणती दुसरी पसंत करावी? आमच्या घरांतून बिल्ल्याची निवड होते ती जूनमध्ये, कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवर. शेजाऱ्याच्या रानात गेल्या साली कोणत्या पिशवीला बोंडे धरली हे बांधावर उभे राहून पाहावयाचे आणि त्याच नावाची पिशवी मागावयाची. एवढ्यापुरता तो कॅलिफोर्नियाचा शेठ आणि आमचा कोरडवाहू शेतकरी सारखाच. दोघेही शेजाऱ्याकडे पाहून माल घेतात. फरक इतकाच की, शेठची निवड चुकली तर तो मागे चिठ्ठी चिकटवतो; आमची चुकली तर आम्ही सावकाराची चिठ्ठी करतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ह्या मोटारी त्यांनी केवळ आपल्या पैशाने घेतल्या काय ? नाही. अमेरिकन सरकार विजेची मोटार घेणारास साडेसात हजार डॉलरपर्यंत, म्हणजे आजच्या भावाने सहा लाख रुपयांहून अधिक, करात सूट देत असे. बर्कलीच्या विद्यापीठातील बोरेनस्टाइन व डेव्हिस ह्या दोन अर्थशास्त्र्यांनी करखात्याचे आकडे तपासून २०१६ साली प्रसिद्ध केले की, विजेच्या मोटारींवरील ह्या सुटीपैकी शंभरातील सुमारे नव्वद डॉलर देशातील सर्वांत श्रीमंत अशा वरच्या पाचव्या हिश्शाच्या घरांत गेले. नव्वद ! उरलेल्या चार हिश्शांच्या वाट्यास मिळून दहा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची कला आमच्याकडेच आहे असे आम्ही समजत होतो. ती सातासमुद्रापलीकडेही आहे.

२०२२ साली तेथील सरकारला जाग आली. तेव्हा कायद्याने मर्यादा घातली की, साधी मोटार पंचावन्न हजार डॉलरांवर किंवा मोठी मोटार ऐंशी हजार डॉलरांवर गेली तर सूट नाही. आणि घेणाऱ्याची मिळकत ठराविक रकमेवर असेल तर त्यालाही नाही. पुढे ट्रंपसाहेबांच्या सरकारने ही सूटच ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये ज्या गाडीची लाज वाटत होती, तिच्याच कंपनीने जुलै ते सप्टेंबर ह्या तीन महिन्यांत जगभर मिळून चार लाख सत्त्याण्णव हजार गाड्या पोचत्या केल्या. तिच्या जन्मापासून कोणत्याही तिमाहीत इतक्या गेल्या नव्हत्या. अमेरिकेत सूट बंद होण्याआधी घेऊन टाकू, अशी झुंबड उडाली होती. नॉर्वे देशात विजेच्या मोटारीस विक्रीकर माफ आहे. ती माफी १ जानेवारी २०२६ पासून आखडणार असे ठरताच तेथेही वर्षअखेर रांगा लागल्या, आणि त्या वर्षी सर्वांत अधिक खपलेली मोटार पुन्हा टेस्लाच. म्हणजे मनाची टोचणी खरी असेल, आम्ही ती खोटी म्हणत नाही; पण सवलतीच्या तारखेपुढे ती फार वेळ टिकली नाही.

हे झाले परदेशचे. आता आपल्या दाराशी या.

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे हिंदुस्थानातील पहिले दुकान उघडले. मॉडेल वायची किंमत एकोणसाठ लाख एकोणनव्वद हजारांपासून पुढे. परदेशी गाडीवर आयातकर जबर आहे म्हणून ती एवढी महाग पडते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ५ सप्टेंबर रोजी पहिली गाडी कोणास मिळाली ? राज्याचे परिवहन मंत्री श्री. प्रताप सरनाईक यांस. त्यांनी सांगितले की, नव्या पिढीस पर्यावरणाचे भान यावे म्हणून आपण ती नातवास देणार. पैसा त्यांचा, नातू त्यांचा, आम्हांस त्यात बोलण्याचे कारण नाही. मात्र त्याच वर्षी २५ जानेवारीपासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते, एवढे आमच्या नातवंडांच्या ध्यानात आहे. पर्यावरणाचे भान म्हणाल तर पन्नास माणसे एका गाडीत बसून जातात ती एस.टी. पर्यावरणाचे जेवढे रक्षण करते, तेवढे एका माणसाला घेऊन जाणारी मोटार, मग ती विजेवर चालो की मंत्रावर चालो, करू शकत नाही.

धनिकांच्या वस्त्यांतून बिल्ल्यांची फिरवाफिरव येथेही सुरू झालीच आहे. टाटांची नेक्सॉन २०२० साली विजेवर आली तेव्हा मैदान जवळजवळ त्यांचेच होते; काही वर्षे शंभरातील सत्तरांहून अधिक विजेच्या मोटारी त्यांच्या होत. नंतर एम.जी.ची विंडसर आली, महिंद्रांच्या दोन नव्या गाड्या आल्या आणि २०२५ साली टाटांचा वाटा निम्म्याच्याही खाली उतरला. त्याहून वरच्या थरात बीएमडब्ल्यूने त्या वर्षी तीन हजारांवर विजेच्या मोटारी विकल्या, आणि एवढा गाजावाजा होऊन टेस्लाच्या मात्र वर्षअखेरपर्यंत दोन-अडीचशेच रस्त्यावर आल्या. अमुक बिल्ला वर गेला, तमुक खाली आला, ह्याची चर्चा शहरी पत्रांतून पाने भरभरून चालते. चालो. आमचा प्रश्न बिल्ल्याचा नाही. बिल्ला कोणताही असो, त्याखाली जी पट्टी लपली आहे तिचा आहे.

वस्तू व सेवा कराचा हिशेब घ्या. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर हा कर पाच टक्के झाला. मोटार दहा लाखांची असो की कोटीची, पाचच टक्के. त्याच काळात शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर किती होता ? बारा टक्के. आमच्या पोरीबाळी ज्या सायकलीवरून शाळेत येतात तिच्यावर किती होता ? बारा टक्के ! सायकलीला पेट्रोल लागत नाही, डिझेल लागत नाही, वीज देखील लागत नाही. भाकरीच्या जोरावर चालते. तरीही सायकलीस बारा आणि कोटीच्या मोटारीस पाच. २०२२ साली आपल्याच चाकणला जुळवलेली मर्सिडीजची विजेची मोटार एक कोटी पंचावन्न लाखांना विकावयास निघाली, तिच्यावर पाच टक्के. आणि चाकणच्याच शिवारात चालणाऱ्या आठ लाखांच्या ट्रॅक्टरवर बारा टक्के म्हणजे शहाण्णव हजार रुपये. पाच टक्क्यांनी ते चाळीस हजार झाले असते. छप्पन्न हजारांचा हा फरक सहा वर्षांत ज्या ज्या शेतकऱ्याने भरला त्याने आपली पावती काढून पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व सायकल ह्या दोहोंवरचा कर पाच टक्के झाला, ही चांगली गोष्ट झाली. आम्ही त्याबद्दल सरकारचे आभार मानतो. पण सहा वर्षे मोटारीस जे पहिल्या झटक्यात मिळाले ते सायकलीस मिळावयास सहा वर्षे का लागली, हे कोणी सांगितले नाही.

आता राज्य सरकारचे पाहा. येथे तर प्रकार असा झाला की, आमचा आमच्या वाचण्यावर विश्वास बसेना.

१० मार्च २०२५ रोजी राज्याचे अंदाजपत्रक सादर झाले. त्यात अर्थमंत्र्यांनी सुचवलेल्या करांपैकी तीन पाहा. एक, तीस लाखांवरील विजेच्या मोटारीवर सहा टक्के. दुसरा, गॅसवर चालणाऱ्या खाजगी मोटारींच्या करात एक टक्का वाढ. तिसरा, साडेसात हजार किलो वजनापर्यंतच्या मालवाहू गाड्यांवर, म्हणजे ज्यांना आपण पिकअप, छोटा टेंपो म्हणतो त्यांवर, किमतीच्या सात टक्के एकरकमी कर. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच २६ मार्च रोजी मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत जाहीर केले की, पहिला कर आम्ही मागे घेत आहोत. कारण काय दिले ? त्यातून फारसे उत्पन्न होणार नाही आणि विजेच्या वाहनांविषयी राज्याच्या धोरणाबद्दल चुकीचा संदेश जाईल. गॅसचा कर व पिकअपचा कर मागे घेण्याचे मात्र कोणास सुचले नाही. ते १ जुलैपासून लागू झाले.

उत्पन्न थोडे, हे कारण आम्हांस समजले नाही. उत्पन्न थोडे म्हणजे तीस लाखांवरच्या मोटारी घेणारे लोक थोडे. लोक थोडे म्हणजे त्यांच्यावर कर बसल्याने विजेच्या वाहनांचा प्रसारही थोडाच अडणार. मग घाबरण्याचे कारण काय ? आणि ज्या गाडीचे एकोणसाठ लाख एकोणनव्वद हजार देण्याची ऐपत आहे, त्या ऐपतीला सहा टक्क्यांनी, म्हणजे तीन लाख एकोणसाठ हजार तीनशे चाळीस रुपयांनी, असा कोणता चुकीचा संदेश गेला असता ? तो आज बीएमडब्ल्यू घेईल, उद्या टेस्ला घेईल, परवा ती टाकून तिसरी घेईल. मनास येईल तसा बिल्ला बदलील. त्याच्या हौसेचे मोल एवढे मोठे की राज्याने आपला शब्द फिरवावा, आणि पिकअपवाल्याचे मोल एवढे लहान की त्याच्यासाठी सभागृहात एक वाक्यही खर्ची पडू नये !

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावचा एक कुंभार आणि एक टोमॅटो पिकवणारा शेतकरी, दोघांनी मिळून पिकअप घेतली. एकाच्या गणपतीच्या मूर्ती, दुसऱ्याचे क्रेट. दोघांचा हंगाम निराळा, म्हणून सामाईक गाडी परवडेल असा हिशेब. किंमत साडेनऊ लाख, त्यातले बहुतेक कर्ज. कागद घेऊन दोघे शाळा सुटल्यावर आमच्याकडे आले. गावात कागद वाचून दाखविण्याचे काम अजून मास्तराकडेच आहे, ह्याचा आम्हांस अभिमान वाटावा की खेद, हे कळत नाही. कुंभाराने एका आकड्यावर बोट ठेवून विचारले, ‘‘मास्तर, हे साडेसहासष्ट हजार कशाचे ?’’ आम्ही म्हणालो, ‘‘सात टक्के कर.’’ तो म्हणाला, ‘‘आणि ती हिरव्या पाटीची मोटार असते, तिला किती ?’’ आम्ही म्हणालो, ‘‘तिला नाही.’’ त्याने पुन्हा विचारले, ‘‘किती म्हणालात ?’’ आमच्या वीस वर्षांच्या शिक्षकीत एवढ्या सोप्या गणिताचे उत्तर सांगताना आमची मान कधी खाली गेली नव्हती.

कोणी सुज्ञ म्हणतील, मग विजेचा टेंपो घ्यावा, त्यालाही माफी आहे. घेऊ की ! पण भरलेले क्रेट घेऊन रात्री दोनशे किलोमीटर जाऊन सकाळच्या लिलावास पोचावयाचे, वाटेत गाडीला वीज पाजण्याची सोय कोठे आहे ते त्या सुज्ञांनी दाखवावे. त्यांच्या इमारतीच्या तळघरात ती आहे. आमच्या वाटेवर नाही.

टोलाचेही असेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासून मोटारीस तीनशे वीस रुपये आणि टेंपोस चारशे पंचाण्णव रुपये ठरले. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवे विद्युत वाहन धोरण मंजूर केले. त्यात ह्या मार्गावर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारीस टोलमाफी लिहिली आहे. अटल सेतूवर तर २२ ऑगस्ट २०२५ पासून ती अमलातही आली. विजेच्या बसगाड्यांसही ही माफी आहे, ती आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पण समृद्धी महामार्ग कोणाच्या शेतांतून गेला, ह्याची आठवण करून देण्याची गरज नाही. ज्यांची जमीन गेली त्यांचा भाजीचा टेंपो त्यावरून टोल भरून जाणार, आणि साठ लाखांची मोटार त्याला मागे टाकून फुकट जाणार. रस्ता झिजतो तो दोघांच्या चाकांनी. दुरुस्ती होते ती एकाच्या पैशांनी. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस !

ह्यावर आमच्या तोंडावर एक गोष्ट फेकली जाईल, ती आम्हीच सांगून टाकतो. ‘तुम्हां शेतकऱ्यांच्या पंपांना फुकट वीज मिळते, ती चालते काय ?’ होय, एप्रिल २०२४ पासून राज्यात पंपांना मोफत विजेची योजना आहे. पण ती कोणास ? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपास. त्याहून मोठा पंप असेल तर बिल भर. म्हणजे शेतकऱ्यास देताना सरकारास मर्यादा सुचते, अश्वशक्ती मोजता येते, सातबारा पाहता येतो. आणि त्या मोटारीस तर दोनशेहून अधिक अश्वशक्ती आहे ! तिला देताना मर्यादा का सुचत नाही ? आम्ही म्हणतो, आम्हांस लावली तीच फूटपट्टी तिकडे लावा. दहा-बारा लाखांची विजेची मोटार घेणारा नोकरदार असेल, त्यास सूट द्या. रिक्षावाल्यास, टेंपोवाल्यास दुप्पट द्या. पण किमतीची एक रेघ ओढा आणि तिच्यावर गेलेल्याने आपली हौस आपल्या खिशातून भागवावी.

अशी रेघ ओढणे अशक्य आहे काय ? जगात ज्या देशाने विजेच्या मोटारीचे सर्वांत अधिक लाड केले तो नॉर्वेच पाहा. तेथे २००१ सालापासून तिला पंचवीस टक्के विक्रीकर पूर्ण माफ होता. २०२५ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या शंभर मोटारींपैकी सुमारे शहाण्णव विजेच्या होत्या, म्हणजे सवलतीने काम केले हे कबूल केले पाहिजे. पण त्या सरकारने २०२३ सालीच रेघ ओढली की, पाच लाख क्रोनरपर्यंतच्या किमतीस माफी, वरच्या रकमेस कर. आणि २०२६ पासून ती रेघ तीन लाखांवर आणली. म्हणून तेथे विजेची मोटार बंद पडली नाही. आपल्याच दिल्ली सरकारने २०२० च्या धोरणात मोटारीचे अनुदान पहिल्या हजार गाड्यांपुरते आणि पंधरा लाखांच्या आतल्या गाडीपुरते ठेवले होते. मर्यादा कशी घालावी हे नॉर्वेस कळते, अमेरिकेस कळले, दिल्लीस कळले; महाराष्ट्रास मार्च २०२५ मध्ये सोळा दिवस कळले होते, सतराव्या दिवशी ते विसरले.

आम्ही विजेच्या वाहनांचे वैरी नाही. उलट आमचे म्हणणे असे की, ह्या विद्येचा पहिला लाभ जेथे एका चाकामागे अधिक माणसे व अधिक माल जातो तेथे व्हावा. गावच्या फाट्यावर विजेची बस यावी. बाजार समितीच्या आवारात टेंपोस वीज पाजण्याची सोय व्हावी. लोहाराच्या मुलाने विजेच्या रिक्षाची मोटर उघडून दुरुस्त करावयास शिकावे. आमच्या शाळेतील मुले मधल्या सुटीत हमरस्त्यावर उभी राहून हिरव्या पाट्या मोजतात आणि बिल्ल्यावरून कंपनी ओळखतात. आम्हांस जेवढे बिल्ले ठाऊक नाहीत तेवढे चौथीच्या पोरांस ठाऊक आहेत. त्यांतल्या एकीने विचारले की, गुरुजी, ह्यांतल्या कोणत्या गाडीत आपल्याला बसता येतं ?

आम्ही आमच्या भागाच्या आमदारांस पत्र पाठवले आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत : तीस लाखांवरील विजेच्या मोटारीवरचा सोडून दिलेला सहा टक्के कर पुढील अधिवेशनात पुन्हा आणावा, त्या उत्पन्नाइतकी सूट पिकअप व छोट्या टेंपोच्या सात टक्क्यांत द्यावी, आणि टोलमाफीस किमतीची मर्यादा घालावी. पत्रासोबत कुंभाराच्या साडेसहासष्ट हजारांच्या पावतीची नक्कल जोडली आहे. ज्या ज्या गावी कोणी १ जुलै २०२५ नंतर पिकअप घेतली असेल त्यांनी आपापल्या पावतीची नक्कल आपापल्या आमदारांकडे पाठवावी. पत्र कसे लिहावे हे न समजल्यास गावच्या शिक्षकाकडे जावे. तो नाही म्हणणार नाही. आमच्या पत्रास उत्तर आले तर ते जसेच्या तसे ह्याच पत्रात छापण्यास देऊ.